पोरगी खुशाल

मी बुशहरला वाढले. इराणच्या आखातावरचं ते बंदर. तिथं इंग्रजांची वकिलात होती आणि माझे वडील सुंदरराव तिच्यात नायब वकील होते. निजामाच्या मुलखात शिकलेल्या माणसाची फारसी इंग्रजांच्या उपयोगी पडली, म्हणून आम्ही तिथं. मला निम्मं मराठी यायचं, निम्मं फारसी. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर निजायचो आणि सकाळी उशीवर मिठाचा थर आलेला असायचा. मी सहा वर्षांची असताना आई तिथंच तापानं गेली.

१९१२च्या हिवाळ्यात वडील मला घेऊन देशी निघाले. आईविना मुलगी परमुलखात किती दिवस ठेवायची, म्हणून मला आत्याकडं सोडून त्यांना परत जायचं होतं. मी बोटीवर रडले, जालन्याला रेल्वेतून उतरल्यावर रडले, मग बैलगाडीत रडणं आपोआप थांबलं. हा मुलूख मी जन्मात पाहिला नव्हता. काळी रानं, ज्वारीचे फड, लांबवर बुटक्या टेकड्या. चौथ्या दिवशी, बुधवारी दुपारी, माजलगावच्या अलीकडं सिंदफणेच्या काठावरल्या गावात गाडी थांबली.

सुभद्राआत्या दारातच उभी होती. वडिलांची थोरली बहीण, विधवा, एकटी राहणारी. तिनं वडिलांकडं पाहिलंही नाही. धावत आली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "घागर कुठं सोडलीस?"

मी वडिलांच्या मागं सरले.

"कालधरनं जीव टांगणीला लावला माझा! नदीला गेलतीस ती गेलतीसच. बापाला आणायला गेलतीस तर सांगून काऊन गेली न्हाईस?"

"अक्का," वडील हसत म्हणाले, "तू हिला आज पहिल्यांदा बघतेयस."

आत्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं, की त्यांचं हसू विरलं.

शेजारची मदिनाबी बांगड्यांची टोपली घेऊन चालली होती. मला पाहून थांबली. "मिली क्या पोरगी? अल्लाची मेहेर." तिनं माझा हात हातात घेतला, न मोजता टोपलीतून चार बांगड्या काढल्या आणि सर्रकन चढवल्या. अगदी मापाच्या. "दरसाल मीच भरते की," ती वडिलांना म्हणाली.

घरात खुंटीवर परकर होता, माझ्या उंचीचा. कोनाड्यात लाकडी फणी, तिच्यात लांब काळे केस. आत्यानं जे सांगितलं ते असं: पाच वर्षांमागं भावजय गेल्याचं पत्र आलं. त्यानंतर आठ दिवसांनी सकाळी ही पोर दारात उभी. पायांवर मीठ वाळलेलं. बोलायची ते कुणाला कळायचं नाही, गावच्या मुल्लाला तेवढं थोडं कळलं. "मला वाटलं, तूच कुणासंगं धाडलीस. आईविना पोर, दुसरं काय करशील?"

"मग मला कळवलं का नाहीस?"

"दरसाली कळवत होते की. राधाकिशन मास्तर लिहून द्यायचे."

वडील खाली बसले. ती पत्रं मीही पाहिली होती. मोडीतली, चार ओळींची, शेवटी नेहमी दोनच शब्द: पोरगी खुशाल. मोडीत प्रश्नचिन्ह नसतं. वडिलांना पाच वर्षं वाटत राहिलं, की बहीण विचारतेय. आणि ते उलट टपाली लिहायचे, होय, खुशाल.

पुढं मी वीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. म्हणून जे मी स्वतः पाहिलं तेवढंच लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नदीवर गेलो. पाणी संथ होतं, गुडघाभर. वाळूत पितळेची घागर होती, काठोकाठ भरलेली. तिच्यापासून पाण्याकडं जाणारी पावलं होती. लहान, अनवाणी.

परतीची नव्हती.

मी चप्पल काढून पहिल्या ठशात पाऊल ठेवलं. करंगळी थोडी बाहेर वळलेली, माझ्यासारखीच. ठसा तसूभरही कमी-जास्त नव्हता.

मी एकेका ठशातून चालत गेले. शेवटचा ठसा पाण्याच्या कडेला, पाणी साचलेला. मी बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

पुढचं पाणी ओंजळीत घेतलं. ते गोड होतं.

मला भीती वाटली नाही. बुशहरच्या मशिदीत दुपारी एकटीच उभी राहिले होते, तेव्हा छातीत जसं भरून आलं होतं, तसं भरून आलं. मी मागं वळले आणि भरलेली घागर उचलून कमरेवर घेतली. त्याआधी मी कधी घागर उचलली नव्हती. एक थेंब सांडला नाही.

वडिलांनी ते पाहिलं. "उद्याच निघायचं," ते म्हणाले. "दोघांनी."

आत्या पदर तोंडाला लावून वाळूकडं पाहत राहिली.

पण गाडी जुंपायच्या आधी जालन्याहून स्वार तार घेऊन आला. तार वकिलातीतल्या साहेबाची होती. वडिलांनी ती दोनदा वाचली, मग मराठीत मोठ्यानं वाचली:

"तुमची मुलगी मंगळवारी इथं सुखरूप पोचली. बंदरात एकही बोट आलेली नाही. तुम्ही कुठं आहात?"

तार त्यांनी घडी करून खिशात घातली. मग वडिलांनी माझी पेटी गाडीतून उतरवली. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ती तिथं एकटी आहे, बाळ," ते म्हणाले.

मी रडले नाही. मला ते पटलं होतं.

दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. मला लिहिलेलं पहिलं पत्र. हवापाणी, साहेबाची तब्येत, खजुराचा बहर. आणि शेवटी:

"ती बरी आहे. फारसी पार विसरलीय. रोज संध्याकाळी धक्क्यावर उभी राहते आणि मला विचारते, बाबा, या नदीचा पैलतीर कुठाय?"