टेपखालची झीज

वस्तऱ्याला धार लावायची म्हणजे आधी त्याला दगडावर आडवा निजवायचा. पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या हव्यात. पाठ जाड, धार पातळ, त्यामुळे पातं आपोआप तिरकं बसतं आणि तो तिरकेपणा म्हणजेच धारेचा कोन. पाठ आणि धार बरोबरीने झिजतात, म्हणून कोन वर्षानुवर्षं जवळपास तोच राहतो. बाबांनी चाळीस वर्षं हेच केलं.

त्यांची मुलगी मात्र पाठीवर पातळ टेप लावायची. मग पाठ झिजत नाही, कोन अंशभर वाढतो, धार जास्त दिवस टिकते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनी धंदा शिकवला तो दादाला, आणि दादा आता दुसऱ्या गावी विमा विकतो. ती शिकली दाराच्या फटीतून बघून, भंगारातल्या वस्तऱ्यांवर, स्वतःची बोटं कापून घेत. मुलीच्या हाताला वजन नसतं, असं बाबा म्हणायचे. त्याच हातांनी भरून आणलेल्या पाण्याच्या बादल्या मात्र त्यांना कधी हलक्या लागल्या नाहीत.

मग एका सकाळी बाबांची उजवी बाजू गेली. दुकान तिच्याकडे आलं, कारण दुसरं कुणी नव्हतं.

“वस्तऱ्याला चिकटपट्टी?” आतल्या खोलीतल्या खाटेवरून बाबा म्हणाले. तोंड अर्धंच चालायचं, पण टोमणा पुरा निघायचा. “उद्या त्याला टोपरंही घाल.”

“घालीन. तुम्ही एकदा गालावर फिरवून तर बघा, बाबा.”

“नको. ती धार नव्हे. नुसतं मोजमाप आहे.”

सात महिने त्यांनी दाढी करू दिली नव्हती. पांढरे केस गळ्याखाली उतरले होते. तिला दुसरं काहीच नको होतं. त्यांनी एकदा गाल पुढे करावा आणि म्हणावं, पोरी, ही तुझी धार. बस्स, एवढंच.

कोपऱ्यावरचा सलूनवाला तिला ‘कोनवाल्या ताई’ म्हणायचा. चिडवायचा, पण वस्तरे आणायचा. एकदा त्याने कोरा करकरीत वस्तरा आणून दिला. “दगड कसा असतो तेही या बिचाऱ्याला ठाऊक नाही, ताई. जरा बेतानं.”

दुपारी दुकानात उजेड दुधासारखा असायचा. खिडकीची काच धुरकट, बाहेरचा रस्ता काचेमागे पाण्याखाली गेल्यासारखा. तिने पाठीची जाडी मोजून वहीत लिहिली, टेप चिकटवली, दगडावर पाणी सोडलं. वस्तरा पुढे, उलटा करून मागे. सळ्ळ, सळ्ळ. पाणी करडं होत गेलं. हात चालत राहिले आणि ती कुठेतरी हलकेच तरंगत राहिली.

काम झालं तेव्हा तिने टेप सोलली. टेप धड होती. एक चीर नाही.

टेपखाली पाठ झिजलेली होती.

तिने पुन्हा मोजलं. केसभर कमी. झीजही सरळ नव्हती, टोकाकडे तिरकी पसरत गेलेली, शेपटीसारखी. ही शेपटी तिने डोळे मिटूनही ओळखली असती. बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा लहानपणी दारात चेमटून बाहेरच्या बाजूला वळलेला. त्यामुळे दाब नेहमी टोकाकडे जायचा, आणि त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक वस्तऱ्यावर ही सही उमटायची.

पण तो हात सात महिने चादरीवर मेल्यासारखा पडला होता.

दुसऱ्या वस्तऱ्याला तिने टेपचे दोन थर दिले. तिसऱ्याला तीन. शेपटी खोलच होत गेली. सलूनवाला मात्र खूश. “काय सांगू ताई! गिऱ्हाईक खुर्चीत झोपतं. हुबेहूब वस्तादांची धार.”

“माझी आहे ती,” ती म्हणाली.

“तेच तर म्हणतोय. बापाचा हात उतरलाय.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच दगडापाशी बसली. सळ्ळ, सळ्ळ. आणि तेव्हा तिला आतल्या खोलीतला श्वास ऐकू आला. वस्तरा पुढे गेला की बाबा श्वास घेत. मागे आला की सोडत.

तिने वेग वाढवला. श्वास वाढला.

ती थांबली. श्वास थांबला.

दगडावरून एक थेंब निथळून ताटलीत पडला. मग दुसरा. तिसऱ्या थेंबाला तिने घाबरून वस्तरा पुढे ढकलला, आणि आत बाबांनी दीर्घ श्वास घेतला.

त्या दिवसापासून तिने हात फार वेळ थांबवला नाही. बाप होता शेवटी.

एका दुपारी बाबांनीच हाक मारली. “ये. दाढी कर.”

तिने सगळ्यांत चांगला वस्तरा घेतला. फेस लावला. पातं गालावरून फिरलं, पण आवाजच नाही. धुक्यातून बोट फिरवावं तसं. केस आपण होऊन बाजूला होत होते. हनुवटी, गळा, ओठावरची जागा. सात महिन्यांखालून ओळखीचा चेहरा वर आला.

“जमली?” तिने विचारलं.

बाबांनी हात उचलला आणि गाल चाचपला.

उजवा हात.

“जमली,” ते म्हणाले. “माझी धार.”

गालावरचा त्यांचा अंगठा सरळ होता. तिने खाली पाहिलं. वस्तऱ्याच्या पाठीवरचा तिचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळला होता. दुखत मुळीच नव्हता.

आठ दिवसांत बाबा भिंत धरून दुकानापर्यंत गेले. आठ दिवसांत तिची उजवी बाजू जड होत होत गेली. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे, बायकांना येतो.

आता ती त्याच खाटेवर असते. इथून दुकानाचा दुधी उजेड दिसतो.

“वस्ताद, काय धार लावलीत!” सलूनवाल्याचा आवाज. “आणि हे काय, तुम्हीही टेप?”

“तुम्हीही म्हणजे? पद्धत माझीच,” बाबा म्हणाले. “पोरगी बघून बघून शिकली.”

तिला ओरडायचं होतं. तोंड अर्धंच उघडलं. तेवढ्यात दगडावर पाणी पडलं. सळ्ळ, आणि तिची छाती भरली. सळ्ळ, आणि रिकामी झाली.

मग आवाज थांबला. बाबा नवी टेप काढत होते. टेपचं टोक त्यांना सापडत नव्हतं.

ती वाट बघत राहिली.