लुईसची उलटी पावलं

“डावा पाय पुढे, ग्रेसी. आज तू पुरुष.”

जोआन टीचरचा हा आवाज चाळीस वर्षं झाली तरी कानातून जात नाही. उत्तनजवळच्या डोंगरीत, चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी त्या आम्हा तरुण मंडळींना जोडीने नाचायचा वॉल्ट्झ शिकवायच्या. मुली अकरा आणि मुलगे तीन, कारण बाकीचे मासेमारीच्या बोटींवर. मी ताडासारखी उंच, म्हणून टीचरचं ‘आज’ दर शनिवारी यायचं.

एकदा एक बोट दुरुस्तीला लागली आणि तिच्यावरचा लुईस क्लासला आला. टीचरनी त्याला माझ्यापुढे उभा केला. मी सवयीने डावा पाय पुढे टाकला... आणि त्याने इतक्या अलगद उजवा मागे घेतला, की आम्ही अख्ख्या हॉलला फेरी मारून आलो, तेव्हा कुठे पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. झालं होतं असं, की त्याच्या भावाने, रेनॉल्डने, स्वतःच्या लग्नाआधी महिनाभर घरात सराव केला होता आणि नवरी म्हणून लुईसलाच धरलं होतं. बिचाऱ्याला येत होती ती सगळी बाईची पावलं!

मी रोज रोझरी म्हणणारी, मला चैन पडेना. कन्फेशनला जाऊन सांगितलं, मी एका मुलाच्या पाठीवर हात ठेवला. फादर म्हणाले, म्हणजे त्याने तुझ्या. मी म्हटलं, नाही फादर, मीच त्याच्या. जाळीपलीकडून खूप खोकला ऐकू आला. तो खोकला खरा नव्हता, असं मला अजून वाटतं. देव मला क्षमा करो.

नाताळच्या आठवड्यात गावचा डान्स होता. सगळ्यांदेखत लुईस हॉल ओलांडून माझ्यासमोर आला, कान लाल, हात पुढे. मला त्याच्याबरोबर जायचं होतं... फार जायचं होतं. पण पोरींची कुजबूज कानावर आली आणि मी म्हटलं, आज माझा उपास आहे.

तो मान हलवून परत गेला. पुढे जहाजावर लागला, तिकडूनच लग्नाची बातमी आली. माझं राहूनच गेलं – आई होती, मग भावाची मुलं.

गेल्या महिन्यात भाईंदरला उत्तनच्या बसच्या रांगेत मागून कोणी हळूच म्हणालं, “ग्रेसी... आज तरी उपास न्हाय ना?”

वळले. केस गेलेले, पोट आलेलं, कान तेच. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलाकडे पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहतोय, असं त्याने सांगितलं. बस आली, गेली. आम्ही रांगेतच.

“लुईस,” मी म्हटलं, “त्या दिवशी उपास नव्हता.”

“ठाऊक हाय. तुझ्या हातात चिकन पॅटिस होती.”

जमिनीने मला पोटात घ्यावं, असं वाटलं. “मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“अर्धी खाल्ली होतीस. म्हटलं, सुखाने संपवू दे.”

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मीच विचारलं, पुरुषाची पावलं शिकलास की नाही?

“न्हाय शिकलो. कोणी नेणारी भेटली तर येतो अजून... मागे मागे.” मग म्हणाला, “पण आता मी विचारणार न्हाय, ग्रेसी. एकदा हॉल ओलांडलाय मी.”

भाचीच्या, क्रिस्टलच्या लग्नाला ये, मी त्याला म्हटलं. विचारायला मी येईन.

काल ते लग्न झालं. रोझरी मी दुपारीच म्हणून घेतली होती. बँडने वॉल्ट्झ धरला. नवरा-नवरीची फेरी झाली, टाळ्या झाल्या आणि मधली फरशी रिकामी झाली. पलीकडे, पंख्याखाली, लुईस कोट घालून ताठ बसला होता. माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हता.

शेजारी वहिनी कॅटररला नावं ठेवत होती. साठीची नणंद गावासमोर कुठे निघाली, हे ती आयुष्यभर बोलून दाखवणार, हे मला माहीत होतं. मी हातातली बशी तिच्याकडे दिली, पदर नीट केला आणि कोणाला काही न सांगता त्या रिकाम्या फरशीवर उतरले.