बारा लाल बटणं

"आपा, माकड मेलं!"

दिव्यांग मुलांच्या केंद्रातून परतलेल्या फैजानने दारातूनच बातमी दिली. त्याची मोठी बहीण निलोफर दचकली. "मेलं म्हणजे?"

"ढोलच वाजवत नाही! कुठलंच खेळणं चालत नाही!"

आठ वर्षांच्या फैजानच्या मुठी जन्मापासून घट्ट मिटलेल्या. खेळण्यांची इवलीशी बटणं त्याला दाबताच येत नसत. म्हणून सुटी लागल्याबरोबर निलोफर आणि तिचे दोस्त तृप्ती, दिनेश यांनी ओझरला दिनेशच्या बाबांकडून वायरी जोडायला शिकून घेतलं होतं. डब्यांच्या झाकणांची बारा मोठी लाल बटणं बनवली होती. खेळण्यात बटणाच्या वायरीची पिन खुपसायची आणि कोपराने, पायाने, हवं तसं बटण दाबायचं! बटणं जोडलेली ती सारी खेळणी त्यांनी फैजानच्या नाशिकच्या केंद्राला दिली होती.

"चला, तपास!" शेजारीच बसलेली तृप्ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिघंही फैजानबरोबर केंद्रात पोहोचले. खेळणी कपाटात ओळीने उभी होती, पण बटण एकालाही नव्हतं!

व्यवस्थापक कारभारी सर चहा पीत बसले होते. "बिघडलीत रे ती. पाहुण्यांना दाखवायला ठेवलीत."

निलोफरची नजर सरांच्या कपावर खिळली होती. कपाखाली लाल चकती! चकतीची वायर टेबलामागे लोंबत होती! शेजारच्या टेबलावरही तसंच!

"दिनेश," ती कुजबुजली, "आपल्या बटणांवर चहा चाललाय!"

दिनेशने डोळे मिचकावले. "सर, एक पैज! मुठी आवळून माकड सुरू करून दाखवा!"

"हात्तिच्या!" सर हसले. त्यांनी मुठी आवळल्या. माकड उताणं केलं, पालथं केलं. पोटाखालचं बारीक बटण काही हलेना. कपाळावर घाम आला. "छे! मुठीने कसं जमणार?"

"फैजानला रोज असंच होतं, सर," निलोफर म्हणाली. "जरा कप उचलता?"

तिने चकती पुसली, पिन जोडली. फैजानने कोपर आपटलं.

ढम्! ढम्! ढम्!

सरांचा चेहरा उतरला. "अरे देवा! आणि मला वाटलं, तुम्ही आम्हाला बशा दिल्यात!"

तृप्तीला हसू आवरेना. सर मात्र उठले, स्वतः टेबलाटेबलावरून उरलेली अकरा बटणं गोळा करून घेऊन आले. "चूक माझी. विचारायला हवं होतं. पोरांनो, तुम्ही आज मला शिकवलंत! शनिवारी सगळ्या पालकांना बोलावतो. बटण कसं जोडायचं, ते तुम्हीच दाखवायचं. मी पहिल्या रांगेत बसेन!"

निलोफरची मान ताठ झाली. तेवढ्यात खोलीच्या कोपऱ्यातून शिट्टी ऐकू आली. चाकाच्या खुर्चीतल्या साई नावाच्या मुलीच्या पायाखाली दिनेशने बटण सरकवलं होतं आणि आगगाडी गरगर फिरत होती.

"मी चालवली!" साई ओरडली. "कुणी नाही, मीच!"