मिरजेच्या जुईला केचुआ समजणारी पेटी

रूपाली गेल्याचं मंगळवारी सकाळी कळलं. मी मिरजेत घरचा पंखा दुरुस्त करत होतो. फोन पेरू देशातल्या डोंगरातून आला होता. तिथल्या एका शाळेत माझी बायको सात वर्षं काम करत होती. पंखा तसाच राहिला.

चार महिन्यांनी, २०५८ च्या जूनमध्ये, मी नात जुईला घेऊन रूपालीचं सामान आणायला गेलो. सामान थोडंच होतं. दोन स्वेटर, एक वही आणि जेवणाच्या डब्याएवढी बोलणारी पेटी. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "सिसा वर्गात बोलेनाशी झाली आहे. तिला बोलतं करायचं."

सिसा अकरा वर्षांची. तिच्या घरी केचुआ (त्या डोंगरातली जुनी भाषा) बोलतात, शाळेत मात्र स्पॅनिश. शाळेतलं जुनं यंत्र प्रत्येक चुकीला लाल फुली मारून टूंऽऽ करायचं. मुलं हसायची. सिसाने तोंडच मिटलं. आम्ही आलो तेव्हा ती शाळेच्या दारात नुसती बसून होती.

जुई आजीकडून फोनवर थोडं स्पॅनिश शिकली होती. मला येत नाही, म्हणून तिने सांगितलं तसं लिहितो.

तिने पेटी सुरू केली आणि ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, "मी बटाटा खाते."

"छान!" पेटी म्हणाली. "तुझ्या घरी केचुआ बोलतात ना?"

"मी मिरजेची आहे!" जुई ओरडली. "आबा, ही बिघडलीय!"

दारात कुणीतरी खुदकन हसलं. सिसाच होती ती.

मी पेटी उघडली नाही, वही उघडली. रूपालीने त्यात सगळं लिहून ठेवलं होतं. ती असताना मी कधी विचारलं नव्हतं.

"स्पॅनिशमध्ये क्रियापद (काय घडतं ते सांगणारा शब्द) मध्ये येतं," मी म्हणालो. "'मी खाते बटाटा.' तू काय म्हणालीस?"

"'मी बटाटा खाते.' मराठीसारखं."

"केचुआतही तसंच म्हणतात. आजीने सहा गावांतल्या मुलांची चुकलेली वाक्यं पेटीत भरली. एकही खोडलं नाही. नवीन वाक्य आलं की पेटी ते त्यांच्याशी ताडून बघते, नमुना (पुन्हा पुन्हा दिसणारी ठेवण) शोधते आणि चूक कुठल्या सवयीतून आली ते सांगते."

"आणि मराठी?"

"मराठी मुलांची वाक्यं पेटीत नाहीतच. मग तिने सर्वात जवळचा अंदाज केला."

"म्हणजे पेटीही चुकते, आणि तिच्याही चुकीला कारण असतं!"

जुईने हे हातवारे करून सिसाला सांगितलं. सिसा उठली, पेटीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "माझी आई लामा (तिथलं लोकरीचं जनावर) आणते."

टूंऽऽ झालं नाही.

पेटी म्हणाली, "हा क्रम तुझ्या घरच्या भाषेत अगदी बरोबर आहे. स्पॅनिशमध्ये 'आणते' हे 'लामा'च्या आधी घे."

सिसाने घेतलं. मग मोठ्याने पुन्हा म्हणाली. मग जुईकडे बोट दाखवून म्हणाली, "आता तू, मिरजेची केचुआ! बटाटा!"

सामान मी बांधलं नाही. सोमवारी सिसा वर्गात उभी राहून तीन वाक्यं बोलली. एक चुकलं, तर तिने कारणही सांगितलं. शनिवारी ती आम्हाला मुलांची वाक्यं गोळा करायला वरच्या गावात घेऊन गेली. तिथल्या मुलांना सिसानेच प्रश्न विचारले आणि जुईने पेटी धरली. मिरजेला परतल्यावर मराठी मुलांची वाक्यंही भरायची, असं जुईने ठरवलंय.

रूपालीच्या वहीतल्या यादीत सतरा गावं आहेत. सहांवर तिने खूण केली होती. सातव्यावर आम्ही केली. दहा राहिली आहेत.