गाभाऱ्यातला लाल भात

काकड्याला तुलसीराम पुजाऱ्यानं गाभारा उघडला आणि समई आत धरली.

काल दुपारी विठोबापुढं ठेवलेल्या नैवेद्याच्या भातावर रक्त साकळलं होतं.

"देव कोपला, बाप्पा!" तो मागं सरला.

उन्हं वर येईपर्यंत सगळ्या दवनीवाड्यात एकच बोलणं. कीर्तनकार बकारामबुवा गेले आणि कार्तिकाच्या सप्ताहात त्यांची विधवा रुख्माबाई कीर्तनाला उभी राहिली. ते देवाला खपलं नाही. संध्याकाळी पंच बसणार आणि तिचं कीर्तन कायमचं बंद करणार.

देवळामागच्या खोलीत डॉ. गोवर्धन बिसेन एकटेच राहत. जंतूंचे गुण पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात, केव्हा प्रकटतात, हा त्यांचा अभ्यास. भातावर वाढणारा एक लाल जंतू याच शिवारात सापडला, म्हणून नागपूर सोडून मुक्काम इथं. डॉक्टर म्हणवतात आणि औषध देत नाहीत, नुसते काचेच्या नळ्यांत डोकावतात. म्हणून त्यांच्या दाराशी कोणी फिरकत नसे. एकटा शालीकराम पेटीवाला, कीर्तनात साथ करणारा, सांजेला चहाला येई. बाकी सोबत म्हणजे भिंतीपलीकडून येणारा रुख्माबाईचा आवाज. तो ऐकता ऐकता डॉक्टर कितीदा रडले, ते त्या विठोबालाच ठाऊक.

त्यांनी वाकून भात पाहिला. हे रक्त नव्हतं. हा त्यांचाच जंतू होता.

ते खोलीत धावले. माठाशेजारी गारव्यात ठेवलेल्या लाल नळ्या जागच्या जागी होत्या. कंदिलाच्या उबेवर ठेवलेल्या खोक्यातली एक पांढरी नळी मात्र गायब होती.

गप्प राहावं, तर त्या बाईचं गाणं संपणार. बोलावं, तर गाव आपल्यालाच हाकलणार. वहाणा पायात सरकवून डॉक्टर नैवेद्य रांधणाऱ्या मंदाबाईकडे गेले. तुलसीरामही तिथंच होता.

"मंदाबाई, नैवेद्य तुम्हीच रांधला ना?"

"म्याच रांधला. काऊन जी? माह्या हाताले रक्त दिसून राहिलं का?"

"ताट कोणी नेलं?"

"भात निवल्यावर शालीकभाऊनं नेलं. बुवा होते तवापासून पेटीवाल्याचाच मान हाय तो."

"तेव्हा भात कसा होता?"

"पांढराफेक! साऱ्यायनं पाहिला, मंग कुलूप लागलं, ते आज काकड्यालेच उघडलं."

"किल्ली कुठं होती, तुलसीराम?"

"माह्या करगोट्याले. रातभर घरीच होतो. बायकोले विचारा, माह्या घोरण्यानं तिचा डोळा लागला नाही."

मंडपात शालीकराम पेटी पुसत बसला होता. अंगावर कांजी केलेलं उपरणं, काठाला लालसर डाग. डॉक्टरांनी तबकातला विडा पुढं केला.

"घ्या, शालीकभाऊ."

"गळ्यात माळ हाय माह्या. पान शिवत नाही म्या, भुलले का?"

"भुललो खरा," डॉक्टर म्हणाले. त्यांची नजर त्या काठावरून हलेना.

संध्याकाळी मंडपात पंच बसले. डॉक्टर उभे राहिले.

"भातावर रक्त नाही, जंतू आहे. आणि तो माझ्या खोलीतला आहे."

"मंग बांधा गाठोडं!" मागून कोणी ओरडलं.

"बांधतो. आधी ऐका. लाल रंग करायचा गुण या जंतूच्या बीजातच असतो. उबेत तो गुण निजून राहतो, जंतू पांढरा दिसतो. गारव्यात जागा होतो, मग जंतू लाल होतो. काल भाताला लावला तो उबेतला, पांढरा. म्हणून कोणाला दिसला नाही. गाभाऱ्याच्या दगडी गारव्यात सकाळपर्यंत लाल झाला. कुलूप उघडायची गरजच नव्हती."

"पर लावला कोणं?" तुलसीरामनं विचारलं.

"अजाण माणसानं लाल नळी उचलली असती. पांढरा जंतू गारव्यात लाल होतो, हे या गावात मी एकालाच सांगितलं होतं. चहा पिताना." डॉक्टरांनी पेटीकडे पाहिलं. "ताट त्यानंच नेलं. ओलं बोट उपरण्याला पुसलं. कांजी भाताचीच, तिथंही तोच रंग उमटला. पानाचा डाग म्हणावं, तर तो पान खात नाही."

सगळ्यांचे डोळे शालीकरामच्या उपरण्याकडे वळले. त्यानं काठ मुठीत धरला, मग सोडून दिला.

"उभी हयात बुवासंगं पेटी वाजवली. त्यायच्या मागं ती जागा माही होती. हिनं काऊन घ्यावी?" मग डॉक्टरांकडे पाहून हळूच म्हणाला, "तुमी त मले भाऊ म्हणत होते."

"म्हणत होतो."

रुख्माबाई पुढं आली. "भाऊजी, झालं ते झालं. पेटी घ्या, सूर द्या. मनात अढी ठेवून देवापुढं कशी उभी राहू म्या?"

शालीकरामनं उपरणं उतरवलं, पेटीवर ठेवलं आणि मान खाली घालून मंडपाबाहेर गेला. पंचही उठून श्रोत्यांत जाऊन बसले.

नुसत्या टाळांवर कीर्तन उभं राहिलं. नमन झालं आणि रुख्माबाई थांबली. मंडपाच्या दाराशी घुटमळणाऱ्या डॉक्टरांकडे तिनं पाहिलं.

"डाक्टर, रोज भिंतीआडून आयकता, मालूम हाय मले. आज समोर बसा."

मंदाबाईनं सरकून जागा केली. "बसा जी. गाठोडं मंग बांधा. पर खिशातून नळी नका काढू."

मंडप हसला. डॉक्टर मुक्या पेटीशेजारी बसले. आधाराच्या सुराविना तिचा आवाज उघडाच वर चढत गेला, आणि डॉक्टर पहिल्यांदाच चारचौघांत रडले. उद्या सांजेला दारावर थाप पडणार नव्हती, ते त्या आवाजातही त्यांना विसरता येईना.