घोटाभर पाणी

सातही ठिकाणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आणि सोमवारी खरी सही करायची, एवढ्यासाठी माहितीबाई घराबाहेर पडल्या होत्या.

पर्यटन कार्यालयात त्यांना सगळे माहितीबाईच म्हणत. 'तंबू घेऊन फिरा : चार दिवस, सात ठिकाणे' हे त्यांचं पिवळं पत्रक बारा वर्षं प्रत्येक पेट्रोल पंपावर मिळत होतं. ते त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर बसून, लोकांनी पाठवलेली पत्रं आणि फोटो जुळवून लिहिलं होतं. सातांपैकी एकाही ठिकाणी त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. यंदा नव्या साहेबांनी पत्रकाखाली एक ओळ घातली : 'सर्व ठिकाणे प्रत्यक्ष पाहून खात्री केली आहे.' खाली सहीची जागा. ती पाहून बाईंनी भावाला फोन लावला.

गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, दादाची. तो शाळेची बस चालवायचा आणि शाळेला सुट्टी होती. वहिनी रुग्णालयात परिचारिका, तिनं चार दिवसांची रजा टाकली आणि नारिंगी तंबू गाडीत कोंबता कोंबता नणंदेला चिमटा काढला, "बारा वर्षं जगाला जा जा म्हणतेस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

पहिल्या तीन दिवसांत सहा ठिकाणं झाली. पांढऱ्याशुभ्र मिठाच्या काठाचं तळं, तिघांच्या हातांच्या कवेत न मावणारी झाडं, आणि एक दरी, जिच्या काठावर दादासारखा बडबड्या माणूसही टोपी काढून गप्प उभा राहिला. पत्रकातली अंतरं मात्र थोडी इकडची तिकडं होती. 'पाच मिनिटांची चढण' चढायला पाऊण तास लागला.

"तुझी मिनिटं चांगली धष्टपुष्ट असतात गं," दादा धापा टाकत म्हणाला. बाईंनी निमूटपणे वहीत दुरुस्ती केली.

चौथ्या दिवशी सातवं ठिकाण : हिमनदीच्या पायथ्याचा धबधबा. पत्रकात लिहिलं होतं, 'वाटेत ओढा लागतो, पाणी घोटाभर. दुपारी तीननंतर जावे. पूर्ण इंद्रधनुष्य दिसते.' दादानं तंबू पाठीला मारला आणि अडीचच्या सुमाराला त्यांनी तो ओढा ओलांडला. पाणी दुधासारखं गढूळ, बर्फासारखं गार, आणि गुडघ्यापर्यंत.

"घोटा जरा वर सरकलाय," वहिनी म्हणाली.

आणि मग वळणापलीकडे तो दिसला! उंच निळ्या बर्फाच्या भिंतीखालून पाणी सुटत होतं आणि खाली पोचायच्या आतच त्याचं धुकं होत होतं. मान कितीही मागे टाकली तरी माथा दिसेना. सव्वातीनला सूर्य कड्याच्या खांद्यावरून पाठीशी आला, आणि त्या धुक्यात एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत अख्खी कमान उभी राहिली. तिच्या बाहेर दुसरी, फिकट. बारा वर्षं जे वाक्य आपण सहज छापलं, त्यात हे एवढं होतं, या विचारानं बाईंना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

तासाभरानं तिघं परत ओढ्यावर आली. ओढा तिथं नव्हता. त्याच्या जागी नदी होती! या काठालगत पाणी उसळत होतं आणि पाण्याखालून धोंडे गडगडत जाताना पायाखालची जमीन हलत होती.

बाई जागच्या जागी थिजल्या. घोटाभर पाण्याचं त्यांना एका मेंढपाळानं कळवलं होतं, आणि तो कळप घेऊन सकाळी उतरत असे. इंद्रधनुष्याचं कळवणारा फोटोग्राफर दुसराच. तो पलीकडे मुक्काम टाकून राहिला होता. दिवसभर ऊन खाऊन बर्फ वितळतो आणि दुपारी सगळा इथं येऊन पोचतो. दोघंही खरं बोलले होते. दोन खऱ्या ओळी टेबलावर बसून शेजारी शेजारी मांडल्या होत्या त्या बाईंनी.

"ती बघ माणसं," वहिनी म्हणाली.

पलीकडच्या काठावर एक कुटुंब उभं होतं. आई, वडील, सातआठ वर्षांची मुलगी. वडिलांच्या हातात पिवळं पत्रक! त्यांच्या बाजूला पात्र रुंद होतं, पाणी संथ दिसत होतं. ते बूट काढत होते.

बाई ओरडल्या. पाण्याच्या गर्जनेत स्वतःचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. तिघांनी हात हलवले. पलीकडून मुलीनंही आनंदानं हात हलवला. वडिलांनी तिला पाठुंगळीला घेतलं. एक पाऊल. दुसरं. पाणी गुडघ्याला लागलं.

"दादा, तंबू टाक!" बाई त्याच्या कानाशी किंचाळल्या. "धारेत टाक!"

"अगं, रात्र काढायची आहे इथं—"

"टाक!"

दादानं पाठीवरची गुंडाळी उतरवली आणि सगळ्या ताकदीनं भिरकावली. नारिंगी तंबू मधोमध पडला. क्षणात बुडाला. खाली दूर वर आला, धोंड्यावर आपटला, उभा फाटला आणि चिंध्या होऊन वळणाआड गेला!

वडील थबकले. मग पाण्यातून पाय न उचलता, एकेक वीत मागे सरकत, काठाला लागले.

ती रात्र तिघांनी कड्याच्या कपारीत एका पांघरुणात काढली. वहिनीनं कुणालाही डोळा लागू दिला नाही. बोटं चोळत राहिली, पाढे म्हणायला लावले. उजाडता उजाडता धोंड्यांची गडगड थांबली. खाली जाऊन पाहतात तर ओढा. नितळ, मुकाट, घोटाभर.

पलीकडे ती आई थर्मास घेऊन उभी होती. तिनं बाईंच्या हातात चहा दिला आणि हात सोडलाच नाही. "देवासारखे भेटलात. तुमचा तंबू आमच्यापायी गेला." मग तिनं पत्रक पुढं केलं. "हे ज्या कुणी लिहिलंय ना, तो माणूस मला एकदा भेटायला हवा."

दादानं खाली पाहिलं. बाईंना गप्प राहता आलं असतं.

"मीच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "इथं न येता."

त्या आईनं हात सोडला. नंतर तिनं पर्समधून पेन काढलं आणि पत्रकासह बाईंसमोर धरलं.

"मग आता नीट लिहा."

थंडीनं बोटं वळत नव्हती. बाईंनी जुनी ओळ खोडली आणि एका धोंड्यावर कागद टेकवून लिहिलं : 'पहाटे जा. सकाळी दहाच्या आत ओढा ओलांडून परत या. इंद्रधनुष्य दिसणार नाही.'