खिळ्याला टांगलेला दोरा

केओ, जरा सरकून बस. त्या वाटीला धक्का लागायला नको. का ते सांगतो, आधी तो मोबाइल बाजूला ठेव. तुम्हा पोरांचा एक कान माझ्याकडे आणि एक तिकडे असतो.

खामसायला तुम्ही ओळखता. शाळेची व्हॅन चालवायचा तो. आता अंधार पडला की किल्लीलाही हात लावत नाही, आणि तुम्ही त्याला भित्रा म्हणून चिडवता. चिडवा. तो एकदाच खोटं बोलला, तेही माझ्यासमोर, आणि मी गप्प बसलो होतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. मार्चची अठ्ठावीस तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. काम साधंच होतं. कारिनला रात्री लुआंग प्राबांगला नेऊन सोडायचं, सकाळी तिचं विमान. कारिन म्हणजे ती स्वीडनची मुलगी, चार महिने आपल्या शाळेत पोरांना शिकवायला येऊन राहिलेली. आपली लाओ बोली मोडकीतोडकी का होईना, बोलायची. नदीपलीकडची वान्नी तिची लाडकी. नऊ वर्षांची, केस कंबरेपर्यंत, दिवसभर कारिनच्या मागे मागे. निरोपाच्या दिवशी मनगटाला दोरे बांधतात ना, त्यातला सगळ्यात शेवटचा मीच बांधणार, असं तिनं कारिनकडून कबूल करून घेतलं होतं.

निरोपाला बारा दिवस उरले असताना पलीकडच्या पोरांना शाळेत आणणारी नाव उलटली. बाकीचे वाचले. वान्नी तिसऱ्या दिवशी सापडली, खालच्या वळणावर.

कारिन तेव्हा व्हिसाच्या कामाला राजधानीत गेली होती. बुआखाम बाईंनी, मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना बजावलं. पोरगी इतक्या लांबून हसत आली, हसत जाऊ दे, वान्नी मावशीकडे गेलीय म्हणायचं. पाहुण्याला रडवून पाठवणं आपल्यात बसत नाही. खामसाय तिला आणायला बस थांब्यावर गेला आणि ते वाक्य त्यानंच म्हटलं. मी शेजारी उभा होतो. वान्नीची आई शाळेत स्वयंपाक करायची. कारिननं तिलाही विचारलं, तर तिनं नुसती मान हलवली. मला त्याची अजून लाज वाटते.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेत सगळे जमले. केळीच्या पानांचा मनोरा, झेंडूची फुलं, पांढरे दोरे. मंत्र म्हणायला परगावचे थोंगदी आजोबा आणले होते. प्रवासाला निघालेल्याचा जीव मागे रेंगाळू नये म्हणून आजोबांनी त्याला हाका मारून बोलावलं आणि सव्वीस पोरांनी तो एकेका दोऱ्यानं कारिनच्या मनगटाशी बांधून टाकला. तरी कारिन हात पुढे करून बसूनच. म्हणाली, वान्नी राहिली की. तिला बोलवा, मी थांबते.

बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांना वाटलं, तोड सापडली. त्या आजोबांना म्हणाल्या, ती लांब आहे, तिच्याही नावानं हाक मारा, म्हणजे ती आल्यासारखंच होईल. आजोबांना बिचाऱ्यांना काय माहीत? त्यांनी डोळे मिटले.

"वान्नी, रानात असशील, पाण्यात असशील, जिथं असशील तिथून ये. घरी ये, बाळा."

एकही पोर हललं नाही. मागे वान्नीची आई भाताच्या टोपल्या भरत होती. तिच्या हातातली टोपली खाली पडली. ती उचलायला कुणी गेलं नाही, मीही गेलो नाही.

साडेसातला गाडी निघाली. पुढचं खामसायनं सांगितलं तसं सांगतो, त्यात माझा एक शब्द नाही.

गावापासून लांबचा पूल ओलांडला. मागच्या सीटवर कारिन एकटी. थोड्या वेळानं ती हळू आवाजात बोलायला लागली. त्याला वाटलं, फोन असेल. पण त्या घाटात रेंज नसते.

"केस पुसले नाहीस," कारिन म्हणत होती. "आणि हात किती गार गं तुझे."

खामसायनं आरशात पाहिलं. कारिननं हात पुढे धरला होता. दोरा बांधून घेताना धरतात तसा. समोर कुणी नव्हतं.

गाडीत नदीचा वास आला.

त्यानं गाडी थांबवली. वळून बघायची छाती होईना. स्टिअरिंगकडे बघतच म्हणाला, "कारिन, वान्नी नाहीये. बुडाली ती. मी खोटं बोललो."



"ठाऊक आहे, दादा," कारिन म्हणाली. "आत्ता तिनंच सांगितलं." मग म्हणाली, "ती विचारतेय... तुम्ही मला बोलावलंत. आता मी राहू कुठे?"



"मी तर चालले," कारिन म्हणाली. ती रडत होती. "मला नाही नेता येणार तिला." आणि आरशात तिनं हात मागे घेतला. काखेत घट्ट दाबून धरला.

मग पुढच्या सीटवर काहीतरी सरकलं.

खामसायचा हात गिअरवर होता. त्याला गार बोटं लागली. इवलीशी. त्यानं डोळे मिटले. एक वेढा... दुसरा वेढा... गाठ.

सकाळी कारिन विमानात बसली. सुखरूप पोचली. तिचे निरोप येतात, सगळ्या पोरांची नावं घेऊन विचारपूस करते. एक नाव सोडून.

तीन दिवस दोरा काढायचा नसतो. चौथ्या दिवशी खामसाय माझ्याकडे आला, अंगात सडकून ताप. मनगटावरचा दोरा ओलाच होता. कापायचा नाही, म्हणून मी गाठ सोडली. फेकवेना, म्हणून त्या खिळ्याला टांगला आणि खाली ही वाटी ठेवली. राहू कुठे विचारत होती ना? मग राहू दे माझ्याकडे. त्या दिवशी बस थांब्यावर मलाही तोंड होतं.

आता वान्नीची आई येईल. रोज येते याच वेळेला. कोरड्या टॉवेलानं दोरा टिपते, केस टिपतात तसा, हलक्या हातानं. वाटीतलं पाणी नदीत ओतते, वाटी परत आणून ठेवते आणि जाते. मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही.

पाऊस जाऊन तीन महिने झाले. वरचा पत्रा नवाकोरा. वर नको बघूस, केओ... वाटीत बघ. काल रात्रीच रिकामी केली होती तिनं.